जिन्याखालचं मशीन

मला लहानपणापासून एक खोड आहे. एखादी वस्तू चालते कशी, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. लग्न होऊन आले त्या पहिल्याच महिन्यात मी सासूबाईंचं शिवणाचं मशीन उघडून बसले होते. त्यांनी शेजारणीला सांगितलं, "सून गुणाची आहे, पण तिच्यापासून वस्तू लपवून ठेवाव्या लागतात." याच खोडीपायी मी पुढे टायपिंगचा क्लास काढला. नाशिक रोडला, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर, एका दुमजली इमारतीत. खाली पिठाची गिरणी आणि वर आम्ही.

अकरा मशीनं होती. सात मराठी, चार इंग्रजी. सकाळी सातला पहिली बॅच बसायची आणि रात्री आठला शेवटची उठायची. नोटा छापणाऱ्या सरकारी प्रेसमधल्या कामगारांची मुलं-मुली, मॅट्रिक होऊन नोकरीच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले, लग्न ठरेपर्यंत 'काहीतरी करते' म्हणून घरच्यांनी पाठवलेल्या, असे सगळे. खाली गिरणीचा पट्टा घरघरायचा, वर अकरा मशीनं खडखडायची, आणि या दोन्हींच्या वर माझा आवाज. घसा कायम बसलेला असायचा. तापट म्हणून माझी ख्याती होती आणि ती काही खोटी नव्हती.

एकोणीसशे अठ्ठ्याहत्तरच्या हिवाळ्यातली गोष्ट. एका सकाळी गिरणीवाल्यांनी जिन्यातून हाक मारली. इमारतही त्यांचीच. मूळचे निफाडकडचे शेतकरी. शेती भावाला देऊन इकडे आलेले.

"बाई, जरा खाली या. तुमच्याकडं माणूस आलाय, पण त्याला वर येता यायचं नाय."

मी चरफडतच उतरले. दारात हाताने फिरवायची तीनचाकी सायकल उभी होती आणि तिच्यात इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला एक तरुण बसला होता. दोन्ही पाय लहानपणी पोलिओने गेलेले. मांडीवर घडी केलेली शाल. त्याने नमस्कार केला. मी नमस्कार करायच्या आत विचारलं, "याला ब्रेक कुठे असतो?"

तो हसला. छातीसमोरचा दांडा मागे कसा दाबायचा, साखळी पुढच्या चाकाला कशी जोडलेली असते, उतारावर काय करायचं, सगळं त्याने दाखवलं. पाच मिनिटं आम्ही सायकलवरच बोललो. मग त्याने कामाचं सांगितलं.

एकोणतीस पूर्ण होत आलेलं वय. मॅट्रिक पास. रोजगार कचेरीत नाव नोंदवलेलं. एका सरकारी कचेरीत अपंगांसाठी कारकुनाची एक जागा राखून ठेवलेली होती, पण मराठी टायपिंगचं तीसच्या वेगाचं सर्टिफिकेट पाहिजे. पुढच्या दिवाळीनंतर त्याचं वय अटीत बसणार नव्हतं. परीक्षा उन्हाळ्यात, निकाल पावसाळ्यात, त्यानंतर मुलाखत. हिशेब करून बघितला तर हाताशी परीक्षा एकच उरत होती.

"नापास झालो तर परत बसण्यात अर्थ नाही, बाई," तो म्हणाला. "घरी आई आहे. ती प्रेसच्या कॉलनीत धुणीभांडी करते. तिच्याने आता होत नाही."

मी जिन्याकडे पाहिलं. सतरा पायऱ्या, अरुंद, मधे एक वळण. मी लगेच निर्णय घेऊन टाकला. मला निर्णय घ्यायला वेळ लागत नाही, हा माझा दुसरा दोष. जिन्याखाली गिरणीवाल्यांची रिकामी पोती पडलेली असत. ती हलवायला लावली, एक दिवा घेतला, एक टेबल आणि वरचं एक चांगलं मशीन खाली आणून ठेवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या बॅचला तो सायकलवरून सरळ टेबलाशी आला. कुणाला उचलावं लागलं नाही, कुणाला त्रास नाही.

मला माझंच कौतुक वाटलं. ते मी मनात ठेवलं असतं तर बरं झालं असतं, पण मी येईल-जाईल त्याला सांगत सुटले. मैत्रिणींना सांगितलं, भिशीत सांगितलं, माहेरी पत्रातसुद्धा लिहिलं.

त्याचे हात बघण्यासारखे होते. रोज सायकल ओढून खांदे आणि मनगटं पैलवानासारखी झालेली. बोट अक्षरावर पडलं की कागद फाटायचा. अनुस्वाराच्या जागी नुसती भोकं. ओळ संपली की कॅरेज असा ढकलायचा की सगळं मशीन टेबलावरून सरकायचं. मी मशीनखाली जुन्या घोंगडीचा तुकडा घातला आणि त्याला म्हटलं, "अरे, हे मशीन आहे, वैरी नाही." महिन्याभरात त्याचा हात हलका झाला. चुका कमी झाल्या. पण वेग बावीसवर गेला आणि तिथे अडकला.

बावीस म्हणजे मिनिटाला बावीस शब्द. तिसाला आठ कमी. वरच्या बॅचमधली त्याच्याबरोबरच सुरुवात केलेली मुलं अठ्ठावीस, तीस, एकतीस करत होती, आणि त्यांतली निम्मी तर खिडकीतून बाहेर बघत टाईप करायची. हा मान वर न करता बसायचा. घरी जुन्या पुठ्ठ्यावर की-बोर्ड काढून त्यावर बोटं चालवायचा. तरी बावीस. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. मी दर तासाला दोनदा खाली उतरायची, घड्याळ लावायची, शब्द मोजायची आणि तोंड पाडून वर यायची. मला राग यायचा, आणि राग कुणावर काढावा हे कळत नव्हतं, म्हणून तो वरच्या मुलांवर निघायचा.

मार्चच्या सुरुवातीला एका सकाळी वीज गेली. गिरणी थांबली. टायपिंगच्या मशीनला वीज लागत नाही, आमचं चालूच होतं. मी खाली जाऊन त्याचा उतारा तपासला. सव्वीस.

मला आधी वाटलं, मीच मोजायला चुकले. पुन्हा मोजलं. सव्वीसच. "काय केलंस आज?" मी विचारलं.

"काही नाही," तो म्हणाला. त्यालाही कळलं नव्हतं.

मी म्हटलं, गिरणीचा आवाज. दुसरं काय असणार! हा बिचारा त्या घरघरीत बसतो, चित्त कसं लागेल? दुसऱ्या दिवशी मी गिरणीवाल्यांना गळ घातली, की दहा मिनिटं गिरणी बंद ठेवा. ते म्हणाले, "बाई, बायका दळणाला उभ्या हायेत, मला खातील." पण ठेवली. वर त्या वेळी बॅच सुटलेली होती आणि दुसरी यायची होती. इमारतीत शुकशुकाट. मी घड्याळ लावलं. बावीस.

मग मात्र माझं कुतूहल चाळवलं. रात्री जेवताना मी तोच विचार करत होते, आणि यजमान म्हणाले, "वरण चमच्याने वाढतात, पेन्सिलीने नाही." वीज गेली तेव्हा शांतता होती आणि सव्वीस झाले. आज तर त्याहून जास्त शांतता होती, आणि बावीस. मग त्या दिवशी काय होतं जे आज नव्हतं? झोपायला गेले तरी उलगडेना. सकाळी जिना चढताना, पाचव्या की सहाव्या पायरीवर, सातच्या बॅचचा खडखडाट कानावर आला आणि मी तिथेच थांबले.

वीज गेली त्या दिवशी गिरणी बंद होती, म्हणून वरच्या मशीनांचा आवाज जिन्यातून खाली त्याच्यापर्यंत पोचला होता.

मी ते वर जाऊन नीट बघितलं. इतकी वर्षं क्लास चालवत होते, पण असं कधी बघितलं नव्हतं. कोपऱ्यातली चलाख मुलगी वेग घेते, तिच्या कॅरेजची घंटा वाजते, शेजारच्याची बोटं आपोआप पळायला लागतात, त्याच्या शेजारची तिसरी मागे राहायला नको म्हणून धडपडते. दहा मिनिटांत अख्खी खोली एका चालीत येते. आपण शिकवतो म्हणून वेग वाढतो, असं मी समजत होते. मी बोटं कुठे ठेवायची ते शिकवत होते. वेग त्यांना एकमेकांकडून मिळत होता. आणि ज्याला त्याची सगळ्यांत जास्त गरज होती त्याला मी मोठ्या कौतुकाने एकट्याला जिन्याखाली पोत्यांच्या जागेवर बसवलं होतं.

मला त्या दिवशी स्वतःची फार लाज वाटली. मी खाली गेले आणि म्हटलं, "तुला वर बसायला हवं. उद्यापासून दोन मुलं सांगते, खुर्चीसकट उचलून आणतील."

"नको," तो म्हणाला.

"का? लाजतोस?"

"लाजत नाही. उचलायला दोघं मिळतात, बाई. उतरवायला कुणी थांबत नाही." मग त्याने सांगितलं, की एका लग्नात त्याला मित्रांनी हौसेने गच्चीवर जेवायला नेलं होतं. पंगत उठली, वरात निघाली, मित्र वरातीत नाचायला गेले. हा संध्याकाळपर्यंत गच्चीवर उन्हात, पत्रावळींच्या ढिगाशेजारी. "कुणाची चूक नव्हती," तो म्हणाला. "विसरले."

मी खुर्ची ओढून त्याच्यासमोर बसले. तीन महिन्यांत पहिल्यांदा मी त्याच्यासमोर बसले होते. एरवी घड्याळ हातात घेऊन उभी असायची. "मग तू वर कसा येशील? तूच सांग."

"बसून," तो म्हणाला. "उलटा बसून, हातांवर. घरी ओट्यावर तसाच चढतो. सतरा पायऱ्या काही जास्त नाहीत. पण इथे पीठ आहे."

पीठ! गिरणीचं पीठ त्या जिन्यावर कायम साचलेलं असायचं. आम्ही चपला घालून चढणारे, आम्हाला काय त्याचं? तो बसून चढला असता तर वर पोचेपर्यंत त्याची पँट मागून पांढरी फटक झाली असती, आणि तसाच तो दहा मुला-मुलींच्या समोरून मशीनपर्यंत गेला असता. इस्त्रीचा शर्ट घालून येणारा माणूस होता तो.

त्या रविवारी क्लास बंद असताना मी जिन्याचं दार आतून लावून घेतलं, पदर खोचला आणि पहिल्या पायरीवर उलटी बसून चढायला लागले. कशी चालते गोष्ट, ते बघायचं होतं. पिठाचं तर सोडाच. तिसऱ्या पायरीला एक खिळा वर आलेला होता, नवव्या पायरीवर कुणीतरी पान थुंकलेलं होतं, आणि वळणावर हात टेकायला काहीच नव्हतं. भिंत गुळगुळीत. अकराव्या पायरीला माझे दंड भरून आले. वर पोचले तेव्हा हात इतके थरथरत होते की कुलपात किल्ली जाईना. यजमानांना सांगितलं तर ते हसून लोटपोट झाले. मी नाही हसले.

दुसऱ्या दिवशी त्याला विचारून, त्याच्यासमोर, मी कागदावर लिहून घेतलं काय काय लागेल ते. लागणार होतं ते फार थोडं होतं, हेच मला टोचत राहिलं. जिना रोज आठच्या आधी ओल्या फडक्याने पुसायचा. आठला दहा कमी असताना कुणीही जिन्यात पाय टाकायचा नाही. भिंतीला एक पाइप, धरायला. आणि वर जिन्याच्या तोंडाशी हात असलेली एक खुर्ची.

पाइप बसवायला सातपूरच्या एका वर्कशॉपमधला वेल्डर आला; माझ्या एका विद्यार्थिनीचा भाऊ. त्याने सवयीने कमरेच्या उंचीवर खुणा केल्या. खालून हा म्हणाला, "दादा, मी उभा राहणार नाही. बसल्यावर माझ्या खांद्याला येईल असा लावा." वेल्डरने खुणा पुसल्या. गिरणीवाले बघायला आले आणि त्यांनी कपाळाला हात लावला.

"बाई, हा पाइप एवढा खाली कशाला? रांगती पोरं यायची हायेत का टायपिंगला?"

मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला, "मालक, तुम्ही एकदा बसून बघा."

आणि खरंच, ते भलेमोठे गृहस्थ धोतर सावरून पायरीवर बसले, पाइप धरला, दोन पायऱ्या सरकले. उठून त्यांनी धोतरावरचं पीठ झटकलं. दुसऱ्या दिवसापासून जिना पुसायला मला कामवाली पाठवावी लागली नाही. साडेसातला ते स्वतः फडकं घेऊन उभे असायचे. एक दिवस मी उशिरा आले आणि घाईत ओल्या जिन्यावर पाय ठेवला, तर मलाच ओरडले, "लय घाई झाली का? त्याचा टाइम हाय ना आता!"

तो वर आला, त्या पहिल्या सकाळी मी मुलांना ताकीद दिली होती की कुणी जिन्याकडे बघायचं नाही. त्यामुळे सगळी मुलं इतक्या निष्ठेने भिंतीकडे बघत बसली होती, की तो वर पोचल्यावर म्हणाला, "काय झालं? कुणी गेलं का?" अख्खी खोली खदखदून हसली. तो शेवटच्या रांगेत, त्या चलाख मुलीच्या शेजारी बसला.

पण पहिल्या आठवड्यात वेग वाढायच्या ऐवजी घसरला. एकोणीस! मी हादरले. त्या चलाख मुलीनेच कोडं सोडवलं. "बाई, त्यांचे हात बघा ना." चढून आल्यावर त्याची बोटं थरथरत होती. ज्या हातांनी जिना चढायचा त्याच हातांनी टायपिंग करायचं. मला स्वतःच्या हातातली ती किल्ली आठवली. आठवायला आठवडा लागला. मग आम्ही ठरवलं की त्याने वर यायचं, खुर्चीत पंधरा मिनिटं नुसतं बसायचं, आणि मग मशीनला हात लावायचा. एप्रिलच्या मध्याला तो सत्तावीसवर गेला. शेवटच्या आठवड्यात एकदा एकतीस झाले, तेव्हा त्या मुलीने त्याच्याकडे रागाने बघितलं. तिचे तीस होते.

एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली. तो कधी चहा प्यायचा नाही. क्लासमध्ये कुणाचा वाढदिवस असो, कुणी पास झालेलं असो, चहा आला की हा 'नको' म्हणायचा. मला वाटलं, भिडस्त आहे. शेवटी विचारलंच. तो जरा घुटमळला, मग म्हणाला, "बाई, इथली मोरी मागच्या अंगाला आहे. तिथे गुडघाभर उंच उंबरा आहे. म्हणून मी सकाळपासून पाणीच पीत नाही."

मी गिरणीवाल्यांना सांगितलं. त्यांनी त्याच दिवशी उंबरा फोडला आणि गवंड्याकडून सिमेंटचा उतार करून घेतला. गवंडी हौशी. त्याने तो उतार घोटून घोटून असा आरसा केला की त्यात तोंड दिसावं. सायकल त्यावर चढली आणि तशीच मागे घसरली. गवंडी म्हणाला, असं फिनिशिंग अख्ख्या नाशिक रोडला मिळणार नाही. गिरणीवाले म्हणाले, "आरं, गोठ्यात म्हशीखाली सुद्धा आपण रेघा मारतो, तिचा पाय सरकू नये म्हणून. मार रेघा!" गवंड्याने तोंड वाकडं करून स्वतःचं काम टाकीने टोचलं. त्यानंतर चहा आला की हा 'नको' म्हणेना, आणि प्यायला लागल्यावर कळलं की त्याला दोन कप लागतात.

परीक्षा नाशकात एका शाळेत होती. त्या परीक्षेची एक रीत होती: मशीन ज्याने-त्याने आपलं न्यायचं. आदल्या आठवड्यापासून सगळे क्लासवाले मशीनं पुन्हा पुन्हा तपासत बसायचे, कारण टेम्पोत मशीनला धक्का लागला आणि एखादं अक्षर अडकलं तर मुलगा गेला. मी पंधरा दिवस आधी जाऊन केंद्रावरच्या अधिकाऱ्यांना भेटले. खोली पहिल्या मजल्यावर होती. खालच्या मजल्यावर द्या म्हटलं, तर म्हणाले, एकट्यासाठी वेगळा पर्यवेक्षक कुठून आणू? शिपाई उचलतील. माणूस वाईट नव्हता. त्याला वाटत होतं तो सोय करतोय. मी कुठल्या तोंडाने भांडणार? तीन महिने मी तेच केलं होतं.

मी येऊन ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "खाली नकोच, बाई. खाली एकटा बसलो तर बावीस होतील. वरच बसतो, सगळ्यांत. मला फक्त आधी चढू द्या."

परीक्षेच्या दिवशी पहाटे आम्ही टेम्पोत मशीनं घातली, त्याची सायकल घातली, तो घातला. वाटेतल्या द्वारका चौकात ट्रकांची रांग लागलेली होती आणि टेम्पो अर्धा तास जागचा हलला नाही. मी ड्रायव्हरवर ओरडत होते, हा मागे मशीनांवर हात पसरून बसला होता, धक्का लागू नये म्हणून. शाळेत पोचलो तेव्हा परीक्षेला तासभर होता. फाटकावर शिपाई. उमेदवारांना अर्धा तास आधीच सोडायचं, असा हुकूम. मशीनं मात्र लगेच आत न्यायला परवानगी. ती जागेवर लावायला वेळ लागतो म्हणून.

मी हिशेब केला. बावीस पायऱ्या मी आधीच मोजून आले होते. दहा मिनिटं चढायला, पंधरा मिनिटं हात निवायला. अर्ध्या तासात बसतं, पण त्याच अर्ध्या तासात शंभर उमेदवार त्याच जिन्याने वर धावणार. त्या गर्दीत बसून चढणाऱ्या माणसाच्या हातांवर पाय पडले असते. त्याच्या बोटांवर!

"मशीनबरोबर कोण जाऊ शकतं?" मी शिपायाला विचारलं.

"हमाल, आणि मशीन लावणारा एक माणूस."

"हा मशीन लावणारा माणूस."

शिपायाने सायकलीकडे बघितलं. "हा?"

"मग? माझ्या मशीनची नस याच्याइतकी कुणाला ठाऊक नाही. अक्षर अडकलं तर तुम्ही सोडवणार आहात का?" माझा आवाज असा चढला की रस्त्यावरचे लोक थांबले. शिपायाने फाटक उघडलं.

तो चढायला लागला. त्या जिन्याला पाइप नव्हता. एकेक पायरी, हातांवर. त्याच्याखाली दोन पायऱ्या सोडून त्याचं मशीन डोक्यावर घेतलेला हमाल, आणि त्याच्यामागे बाकी हमालांची रांग. कुठल्या कुठल्या क्लासांची मशीनं डोक्यावर घेऊन उभी असलेली माणसं. मला वाटलं आता कुणीतरी ओरडणार. पहिला हमाल म्हणाला, "सावकाश, मास्तर. आमाला वज्याची सवय हाय." तो वर पोचेपर्यंत सगळे तसेच उभे राहिले.

मला वर सोडलं नाही. घंटा झाली आणि मी खालच्या पटांगणात कडुलिंबाच्या झाडाखाली उभी राहिले. वरून शंभर मशीनांचा एकदम आवाज सुरू झाला. मला त्यातला त्याचा ओळखता येईना, आणि ते मला बरं वाटलं.

जुलैच्या शेवटी निकाल लागला. पास. गणेशोत्सवाच्या आधी मुलाखत झाली, आणि दिवाळीला तीन आठवडे असताना नेमणुकीचं पत्र आलं. तो पेढे घेऊन आला. आठची बॅच चालू होती. जिना पुसलेला होता. तो चढून आला, जिन्याच्या तोंडाच्या खुर्चीत बसला, हात निवू दिले आणि मग पेढ्यांचा पुडा उघडला. आईने आता कामं सोडली म्हणाला. एका घरचं धरून ठेवलंय, तिथली बाई आजारी आहे म्हणून.

माझी खोड काही जात नाही. मी विचारलं, "आता खरं सांग, सगळ्यांत अवघड काय गेलं? जिना? परीक्षा?"

"परत येणं," तो म्हणाला.

"परत म्हणजे?"

"मी आधी एकदा येऊन गेलो होतो. या खेपेच्या तीन वर्षं आधी." तो हे अगदी सहज सांगत होता, जणू बसची वेळ सांगावी. "असाच सकाळी. गिरणी बंद होती, मालक नव्हते. मी खालून हाक मारली, फी किती हो? खिडकीतून आवाज आला, खालून ओरडू नका, शिकायचं असेल तर वर या. मी दारावरच्या पत्र्याखाली होतो, वरून दिसलो नसणार. थोडा वेळ थांबलो. मग सायकल वळवली."

वर्गातली मशीनं चालू होती. मी विचारलं, "तो आवाज माझा होता?"

"तुमचाच, बाई. आता काय, झोपेतही ओळखीन." आणि तो हसला. मनापासून हसला, त्यात टोमणा नव्हता.

मी आठवून बघितलं. खूप आठवून बघितलं, आजही बघते. त्या सकाळचं काहीही आठवत नाही. आठवणार कसं? ते वाक्य मी दिवसातून दहादा म्हणायची. मुलं माझी नक्कल करायची तीसुद्धा त्याच वाक्याची. किती जणांना मी ते म्हटलं असेल आणि त्यांतले किती पत्र्याखाली सायकलीत बसलेले असतील, ते मला कधीच कळणार नाही.

"मग त्या तीन वर्षांत काय केलंस?" मी विचारलं.

"पाकिटं चिकटवली. औषधाच्या दुकानांची असतात ना, छोटी, ती. आई कामावरून येताना कागद आणायची." त्याने पुडा माझ्यापुढे धरला. "अजून एक घ्या की."

मी घेतला. माफ कर, एवढे दोन शब्द म्हणायचे होते. जिभेच्या टोकापर्यंत आले आणि तिथेच राहिले, कारण समोर दहा मुलं होती आणि मी बाई होते. तो थोडा वेळ बसला, त्या चलाख मुलीला पेढा दिला, सगळ्यांचा निरोप घेतला आणि जिना उतरला. तीन वर्षं तो पाकिटं चिकटवत बसला होता. शिकवायला मला सहा महिने लागले होते, आणि त्यातले तीन मी जिन्याखाली घालवले.